धुरी मॅडमची पहिली केस

मी धुरी मॅडमना पहिल्यांदा माझं नाव सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "कशावरून?"

नोकरीचा पहिला दिवस होता. मी गडबडून गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, त्यावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"मनीषा. ह्यात केस लांब आहेत."

"कापले, मॅडम."

"कधी?"

"मागच्या महिन्यात."

"कुठे?"

"अँटॉप हिलला. घराजवळ एक पार्लर आहे."

"बस," त्या म्हणाल्या. म्हणजे खाली बस की आता पुरे, ते मला कळेना. मी दोन्ही केलं.

तर ह्या सुलभा धुरी. वय बावन्न, उंची बेताची, साडी सुती आणि पदर दोन ठिकाणी पिन केलेला. एका खासगी बँकेच्या फसवणूक पकडणाऱ्या विभागात अकरा वर्षं. ऑफिस परळला, घर घोडपदेवला, चाळीत दुसऱ्या मजल्यावर. लग्न केलेलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "समोरच्याची कागदपत्रं पूर्ण नव्हती."

आमचं काम बाहेरच्यांना सिनेमातल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते तांदूळ निवडण्यासारखं आहे. दिवसभर समोर स्क्रीन, त्यावर लोकांचे व्यवहार सरकतायत. संगणकाला एखादा व्यवहार खटकला की तो लाल पट्टी दाखवतो. मग आपण त्या माणसाचं मागचं सगळं चाळायचं आणि ठरवायचं, की हा खरोखर तोच आहे की त्याच्या नावाखाली दुसराच कुणी हात साफ करतोय. ठरवायला चार-पाच मिनिटं. बहुतेक पट्ट्या फुकटच्या असतात. कुणी मुलीकडे परदेशी गेलेला असतो, कुणी बायकोच्या पन्नाशीला पहिल्यांदाच सोनं घेतलेलं असतं. संध्याकाळी डोळे चुरचुरतात आणि डोक्यात दुसऱ्यांची आयुष्यं घोंगावत राहतात.

ह्या संगणकाला धुरी मॅडम "जावई" म्हणायच्या. का, तर त्याला काहीही चालत नाही, कशावरूनही बिनसतं आणि वर त्याला बोलायची सोय नाही. लाल पट्ट्या फार आल्या की त्या खुर्ची मागे सरकवून सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करायच्या, "जावईबापू रुसले!" आमचे मॅनेजर सामंत साहेब एकदा वरच्या लोकांसमोर सादरीकरण करताना चुकून "आपल्या जावयाची अचूकता" असं बोलून गेले. वरचे लोक बराच वेळ त्यांच्या मुलीची चौकशी करत होते.

एक मात्र खरं, की जावयाला जे दिसायचं नाही ते मॅडमना दिसायचं. नाव-गाव झाकून नुसती दुकानं, वार आणि रकमा दाखवल्या तरी त्या माणूस उभा करायच्या. "हा बघ, दर गुरुवारी एक नारळ आणि पाव किलो पेढे. दोन गुरुवार झाले, फक्त नारळ. डायबेटिस निघाला." किंवा, "ही बाई दर महिन्याला दोन तिकिटं काढायची नाटकाची. आता एक काढते. पण जाते गं अजून. बरं वाटलं." कुणी ओळखीचं भेटल्यासारखं त्या बोलायच्या. त्यांना त्या लोकांचे चेहरे माहीत नव्हते, ना आवाज. तरी ते सगळे "माझी माणसं" होते.

ऑफिसबाहेरही त्या ड्यूटीवरच असायच्या. हॉटेलात रांगेसाठी नाव विचारलं की खोटं नाव द्यायच्या, आणि मग तेच नाव पुकारलं गेलं की स्वतःच इकडेतिकडे बघायच्या. वाढदिवस कुणाला कळू द्यायच्या नाहीत. ऑफिसच्या यादीतल्या तारखेला आम्ही केक आणला तर म्हणाल्या, "ती कागदावरची तारीख. खा तुम्ही." खरी तारीख अकरा वर्षांत कुणाच्याही हाती लागली नाही.

लालबागच्या मासळी बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. त्यांची ठरलेली कोळीण होती, हिराबाय म्हणून. मॅडमनी पापलेट उचललं, कल्ले उघडून बघितले, दाबून बघितलं, वास घेतला आणि मग विचारलं, "आजचंच कशावरून?"

"बाय, तुला काय ह्याचा जल्मदाखला दाखवू?" हिराबायनं सुरी खाली ठेवली. "पंधरा वर्सं माझ्याकडनं नेतेस. एक दिवस तरी शिळं निघालं?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तर विचारते. आजपर्यंत नाही निघालं, तर आज निघायची शक्यता वाढली."

हिराबायनं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला आणि दोन पापलेटांवर एक मूठ मांदेली टाकली. ती मूठ रोजचीच होती. मॅडम ती मोजून बघत नसत.

आमच्या कामातली सगळ्यांत मोठी गंमत अशी, की आम्हीच लोकांना शिकवतो, बँकेतून बोलतोय असं सांगणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका. आणि मग आम्हीच फोन करतो, "नमस्कार, बँकेतून बोलतेय." लोक शिव्या घालतात. एका आजोबांनी मॅडमना सरळ सांगितलं, "बाई, आवाजावरून चांगल्या घरातल्या वाटता. हे धंदे सोडा." मॅडमचा चेहरा खुलला. "शाबास!" त्या म्हणाल्या. "असंच बोलायचं प्रत्येकाशी. आता फोन ठेवा, कार्डाच्या मागे नंबर छापलाय, त्यावर तुम्ही स्वतः फोन करा." आजोबांनी खरंच केला आणि पहिलं वाक्य बोलले, "तुमच्या नावानं आत्ता एक चोरटी बाई फोन करत होती." तो फोन नेमका मॅडमकडेच आला होता. "हो का?" त्या गंभीरपणे म्हणाल्या. "बघते तिच्याकडे."

आणखी एक चौदा कुकरांची केस. दादरच्या एका गृहस्थांनी एकाच दुकानातून चौदा कुकर घेतले आणि जावईबापूंनी कार्ड अडवलं. मॅडमनी फोन लावला. "चौदा कुकर कुणाला?" ते म्हणाले, मंडळाची पाककला स्पर्धा आहे, बक्षिसं आहेत. "कुठलं मंडळ? स्पर्धक किती? विषय काय?" विषय होता पालेभाजी. हे सगळं बरोबर जुळलं, मॅडमनी कार्ड सोडलं आणि शेवटी म्हणाल्या, "सॉरी हां. तुम्ही खरे निघालात." त्या गृहस्थांना हा इतका वेगळा अनुभव वाटला की त्यांनी मॅडमना परीक्षक म्हणून बोलावलं. मॅडम गेल्या. प्रत्येक पदार्थ चाखून त्यांनी प्रत्येकीला विचारलं, "हे तुम्हीच केलंय कशावरून?" पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

"सॉरी, तुम्ही खरे निघालात." हे वाक्य मात्र त्यांचं फक्त त्या दिवसापुरतं नव्हतं. निर्दोष माणसाला चुकून अडवलं गेलं तर नियमाप्रमाणे एक छापील संदेश जातो, बस. मॅडमना तेवढ्यानं चैन पडायचं नाही. दिवसाच्या शेवटी त्या चुकून अडवलेल्या लोकांना स्वतः फोन करायच्या. एकेकाची माफी मागायच्या. समोरची माणसं गोंधळायची, काही चिडायची, बरीचशी तर विसरूनही गेलेली असायची. मी एकदा म्हटलं, "मॅडम, एक कार्ड दहा मिनिटं बंद होतं. त्यात एवढं काय?"

"दुकानात चार लोकांसमोर ते म्हणाले असतील, बाई, तुमचं कार्ड चालत नाही," त्या म्हणाल्या. "चोर सुटला तर त्याचं काही जात नाही गं. खऱ्या माणसाला चोर म्हटलं तर ते त्याच्याकडेच राहतं."

मला तेव्हा ते वाक्य जरा जड वाटलं. मी विषय बदलला.

मला तिथे आठ महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील, जेवणानंतरची सुस्ती होती. मॅडमच्या स्क्रीनवर एक लाल पट्टी आली. त्यांनी ती उघडली, आणि उठून पाण्याच्या मशीनकडे गेल्या. ग्लास भरला. न पिताच परत आल्या.

"मनीषा, ही केस तू घे."

"का, मॅडम?"

"नियम."

आमच्याकडे नियम आहे, नातलगाचं किंवा ओळखीच्याचं खातं आपण उघडायचं नाही, दुसऱ्याकडे द्यायचं. मला वाटलं, चाळीतलं कुणी असेल. मी नाव वाचलं. मोहन धुरी. वय सत्तावन्न, पत्ता वरळीचा. कोकणात धुरी काय कमी आहेत, म्हणून मी तेव्हाही फार विचार केला नाही. व्यवहार मात्र बघण्यासारखा होता. ह्या माणसाच्या खात्यात वर्षानुवर्षं काही घडत नव्हतं. विजेचं बिल, औषधं, महिन्याला एकदा वाणसामान. आणि आज सकाळपासून तो सगळी शिल्लक एका अनोळखी खात्यात पाठवायचा प्रयत्न करत होता. जावयानं तीनदा अडवलं होतं.

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. एवढ्या मोठ्या केसमध्ये सीनिअरनं दुसरा हेडफोन लावून ऐकायचं असतं. मॅडमनी तो लावला. ऐकायला बंदी नव्हती, की होती, हे आजही मला नक्की सांगता येणार नाही.

"तुम्ही माझे पैसे का अडवलेत?" आवाज दमलेला होता. बरेच तास न झोपलेल्या माणसाचा. "मला ते आत्ता पाठवायचेत."

फोन बँकेतल्या नोंदणीच्या नंबरवरून नव्हता, म्हणून मला ओळख पटवून घेणं भाग होतं. मी जन्मतारीख विचारली, शाखा विचारली. मग विचारलं, "तुमच्या आईचं माहेरचं आडनाव?"

"पाताडे," ते म्हणाले.

पण ते म्हणायच्या आधीच माझ्या शेजारी मॅडमचे ओठ हलले होते. पाताडे. आवाज नाही, नुसते ओठ. मग माझ्या लक्षात आलं, हेडफोनच्या त्या टोकाला कोण आहे.

मी कसाबसा पुढचा प्रश्न विचारला. "सर, हे पैसे तुम्ही कुणाला पाठवताय?"

मागे बारीक आवाजात कुणीतरी हिंदीत काहीतरी सांगत होतं. मी तो प्रकार ओळखला. आजकाल फार चालतो. व्हिडिओ कॉलवर खोटा अधिकारी येतो, तुमच्या नावावर गुन्हा आहे म्हणतो, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही, कुणाशी बोलू देत नाही, आणि पैसे सुटले की तुम्ही सुटाल असं सांगतो. बँकेनं विचारलं तर काय सांगायचं तेही पढवून ठेवतात. घरात एकटा असलेला माणूस ह्यात दोन-दोन दिवस बसून राहतो. शिकलेली, हुशार माणसं बसतात. भीती फार जुनी गोष्ट आहे, तिला पदव्या दिसत नाहीत.

"नातेवाइकाला," ते म्हणाले. "मी माझ्या मर्जीनं पाठवतोय."

"कुठल्या नातेवाइकाला, सर?"

मागचा आवाज पुन्हा कुजबुजला. मग म्हणाले, "बहिणीला. माझ्या बहिणीला घर घ्यायचंय."

"कुठे राहतात त्या?"

"घोडपदेवला."

मॅडमनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला नाही. त्यांनी फक्त त्याचा माइक दोन बोटांनी धरून स्वतःच्या तोंडापाशी ओढला. माझी मान त्याबरोबर वळली, म्हणून पुढचं सगळं मी त्यांच्या खांद्याला खांदा लावूनच ऐकलं.

"दादा," त्या म्हणाल्या. "तुझ्या भयणीक घर नको आसा. तो दुसरो फोन आदी बंद कर."

मी त्यांना मालवणी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"कोण?"

"सुलू."

"सुलू? तू हयसर कशी?"

"मी बँकेत आसंय. अकरा वर्षां झाली. दादा, तो माणूस पोलीस नाय. कोणच नाय तो. माझा ऐक."

"ते म्हणतत, बँकवाले पण सामील आसत."

"आसतीत. मी पण सामील आसंय असा समज. पण माझा काम कर एक. घरात दुसरा कोण आसा? वहिनीक फोन दी. मी तिच्याशी बोलतंय."

वहिनी. हा शब्द त्यांनी अडखळत उच्चारला, पहिल्यांदाच पायात घातलेल्या चपलेसारखा.

"ती नाय गो," मोहन धुरी म्हणाले. "तीन वर्षां झाली. ह्यो फोन तिचोच. मी चार्ज करून ठेवतंय."

मॅडमनी दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरली. मागचा हिंदी आवाज आता चढला होता, किससे बात कर रहे हो, कॅमेरे के सामने आओ. मी मॅडमच्या हातावर हात ठेवला. तेव्हा त्या भानावर आल्या.

"दादा, तो फोन उपडो घाल. टेबलावर. घातलंस?"

"घातलंय."

"आता बाजूचा बटन दाबून धर. सोडू नको. मी हयसरच आसंय."

ओरडणं मध्येच तुटलं. मग फक्त पंख्याचा आवाज. मग एक मोठा माणूस रडत असल्याचा.

मॅडमनी तो दोन-तीन मिनिटं ऐकला. मग त्या ताठ बसल्या आणि एकदम त्यांच्या रोजच्या, स्वच्छ, पुस्तकी मराठीत बोलू लागल्या. "सर, तुमचं खातं आम्ही तात्पुरतं थांबवत आहोत. पैसे सुरक्षित आहेत. शेजारी कुणी असेल तर त्यांना घरी बोलवा. मग पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवा, एकटे जाऊ नका. ह्यात तुमची काही चूक नाही. बँकेला फोन केल्याबद्दल धन्यवाद." आणि त्यांनी फोन ठेवला.

केसच्या नोंदीत त्यांनी स्वतः लिहिलं: ग्राहक माझा सख्खा भाऊ आहे. मी नियम मोडून त्याच्याशी बोलले. लिहून झाल्यावर स्पेलिंग तपासलं, आणि सामंत साहेबांच्या केबिनकडे चालत गेल्या.

चौकशी झाली. लेखी ताकीद मिळाली, महिनाभर फोनवर बसायचं नाही असं ठरलं. सामंत साहेबांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, तपासणाऱ्यांनी धुरींनी अकरा वर्षांत कुठली कुठली खाती उघडली ते सगळं खणून काढलं. भावाचं खातं ह्याच बँकेत आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, त्याला ते लग्नाआधी त्यांनीच उघडून दिलं होतं. नुसतं नाव टाइप केलं असतं तर पत्ता, फोन, सगळं समोर आलं असतं. "आणि?" मी विचारलं. "एकदाही नाही," साहेब म्हणाले. "मी असतो तर केलं असतं."

मी त्याच संध्याकाळी मॅडमना म्हटलं, "पत्ता मला आठवतोय. वरळीलाच आहे. लिहून देऊ?"

त्या इतक्या रागावलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "त्यानं पत्ता बँकेला दिलाय," त्या म्हणाल्या. "मला नाही दिला."

त्या दिवशी आम्ही ऑफिसातून चालत निघालो. मला अँटॉप हिलची बस पकडायची होती, पण मी त्यांच्याबरोबर लालबागपर्यंत गेले. चिवडा गल्लीच्या तोंडाशी एका टपरीवर त्यांनी चहा सांगितला आणि ग्लास हातात धरून ठेवला.

"माधवी नाव होतं तिचं," त्या म्हणाल्या. "गिरगावची. दादानं घरी सांगितलं, हिच्याशी लग्न करतोय. मी तेव्हा तिशीही गाठली नव्हती, नोकरीही साधीच होती, पण स्वभाव हाच. मला कुणी सांगितलं नव्हतं गं, कुणी नाही. मी दोन दिवस रजा काढली. तिच्या ऑफिसात गेले, गिरगावात तिच्या जुन्या बिल्डिंगमध्ये गेले, शेजारणीबरोबर चहा प्यायले. आणि शोधून काढलं. तिचं आधी एक लग्न झालं होतं. आठ महिन्यांत मोडलं होतं."

"मग?"

"मग ती पुढच्या रविवारी आमच्याकडे पोहे खायला आली. आई खुश होती. आणि मी सगळं बोलले. तारखांसकट. तिच्या हातात बशी होती." मॅडमनी चहाचा एक घोट घेतला, गार झाला होता. "दादा म्हणाला, सुलू, मला हे पहिल्याच दिवशी तिनं स्वतः सांगितलंय. एवढंच म्हणाला. तिनं बशी खाली ठेवली, आईला येते म्हणाली. दोघं गेली. आई वारली तेव्हा दादा परस्पर स्मशानात आला, तिथूनच परत गेला. ती लांब गेटपाशी उभी होती. मला जाऊन बोलता आलं असतं. मी म्हटलं, नंतर बोलू."

गल्लीतून चिवडा तळल्याचा वास येत होता. टपरीवाल्यानं विचारलं, अजून एक देऊ का, मॅडमनी नको म्हणून मान हलवली.

"ती माझी पहिली केस," मॅडम म्हणाल्या. "सगळे पुरावे बरोबर होते. आणि केस चुकीची."

पुढे एक महिना त्या मुकाट्यानं कागदपत्रांचं काम करत राहिल्या. जावयाबद्दल काही बोलल्या नाहीत. शनिवारी संध्याकाळी मात्र हिराबायकडून सुरमई न्यायच्या, एकट्या बाईला लागते त्याच्या दुप्पट. सोमवारी मी काही विचारायची नाही. त्यांच्या डब्यात सोमवारी सुरमई असायची, मंगळवारीही असायची.

पाचव्या सोमवारी डब्यात नुसती पोळी-भाजी होती. मी डब्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आला होता," त्या म्हणाल्या. "जिन्यात अर्धा तास उभा होता म्हणे. खालच्या काकूंनी येऊन सांगितलं, तुमच्याकडचं कुणीतरी आहे वाटतं, नाक तुमचंच आहे. मग मी खाली गेले."

"काय बोललात?"

"काही नाही. तो म्हणाला, जिना तसाच आहे. मी म्हटलं, हो. मग वर येऊन जेवला. चार तुकड्या खाल्ल्या. केस सगळे गेलेत त्याचे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "मी माफी मागायला लागले तर म्हणाला, माझी नको मागू. आणि ज्या व्यक्तीची मागायची ती…" त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

आता मोहनदादा दर रविवारी येतात. त्यांना एकटं बसवत नाही आणि बहिणीला काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून मॅडम त्यांना विचारतात, ती कशी होती? एका रविवारी एकच गोष्ट. आणि सोमवारी सकाळी, स्क्रीन सुरू व्हायच्या आत, त्या मला सांगतात. "काल कळलं, तिला तिरफळ घातलेला बांगडा आवडायचा. गिरगावची असून." किंवा, "काल कळलं, तिला जिने चढताना पायऱ्या मोजायची सवय होती." एकदा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "ती डावखुरी होती. मी तिच्या हातात बशी दिली होती गं. समोर बसून बघत होते, सगळं शोधून काढलं असं वाटत होतं. आणि हे मला दिसलं नाही."

परवाच्या सोमवारी त्या लवकर येऊन बसल्या होत्या. मी पर्स ठेवली, खुर्ची ओढली.

"दादा म्हणाला, ती काम करताना गुणगुणायची," त्या म्हणाल्या. "एकच ओळ. वर्षानुवर्षं तीच."

"कुठली?"

"तेच तर. त्याला आठवत नाही. शब्द नाही, चालही नाही. रोजचंच होतं म्हणे, म्हणून कधी लक्ष दिलं नाही."

स्क्रीन सुरू झाल्या. पहिली पट्टी आली, लाल. मॅडमनी हेडफोन हातात घेतला, पण डोक्याला लावला नाही. त्या स्क्रीनकडे बघत होत्या, पण वाचत नव्हत्या.

"कुठलं असेल गं?" त्या म्हणाल्या.